ती वाचतेय

मशीन हळू चालतंय असं कोणी म्हटलं की तिचे हात शिवशिवायचे. डेटा साठवणाऱ्या मशिनी सुस्तावल्या की भल्याभल्या कंपन्या हिलाच शोधत यायच्या, आणि ही बॅग उघडायच्या आत सांगून टाकायची की जेवणाच्या सुट्टीपर्यंत पळवून दाखवते. बढाई म्हणावी तर तसं नव्हतं, कारण ती खरंच दाखवायची. त्या दिवशी सकाळी साडेदहाला ती हॉस्पिटलच्या तळघरात उतरली तेव्हाही चेहऱ्यावर हाच भाव होता.

बोलावलं होतं काकांनी. सख्खे काका, या हॉस्पिटलचे कॉम्प्युटर बावीस वर्षं सांभाळणारे. वर तिसऱ्या मजल्यावर अतिदक्षता विभागात काकू होत्या, अकरा आठवड्यांपासून. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी "आजची रात्र निघाली तर नशीब" असं सांगितलेलं, आणि काकू आपल्या अजून होत्या. लहानपणी हिला अंगाखांद्यावर खेळवलं ते काकूंनी, त्यामुळे ही आधी वर जाऊन त्यांचा हात हातात धरून आली. हात गरम होता. मग कामाला लागली.

काकांनी अडचण सांगितली ती सरळ होती. एका पेटीत डेटा साठवणाऱ्या चोवीस एसएसडी ड्राइव्ह, आणि सगळ्या हॉस्पिटलचे स्कॅन त्यांच्यावर. एक स्कॅन उघडायला चार-चार मिनिटं लागतात, सर्जन लोक वैतागलेत, आणि सोमवारपर्यंत सुधारणा झाली नाही तर आख्खी पेटी भंगारात जाणार. हे सांगताना काका पेटीवरचा हात काढत नव्हते. पुतणीला नवल वाटलं. एका जुन्या पेटीसाठी एवढा जीव खाली-वर कशाला?

"पळव तू," काका म्हणाले, "पण सतरा नंबरच्या ड्राइव्हला हात लावू नकोस. ती वाचतेय."

"वाचू दे की. ड्राइव्ह वाचणारच," ती म्हणाली. काकूंना जेवण भरवायची वेळ झाली होती, काका वर गेले.

खोलीला खिडकी नव्हती. वर उन्हं तापली होती आणि इथे स्वेटर घालून बसावं लागत होतं. पंख्यांची एकसुरी घरघर आणि चोवीस हिरवे दिवे, बस्स. तिने तासाभरात तीन चुका काढल्या. डेटाचे तुकडे नको इतके बारीक पाडले होते, ते मोठे केले. लिहिण्याआधी डेटा थोडा वेळ जिथे थांबतो ती जागा कोणीतरी बंद करून ठेवली होती, ती उघडली. सगळं ओझं एकट्या प्रोसेसरच्या डोक्यावर टाकलं होतं, ते सोळांत वाटून दिलं. चार मिनिटांचा स्कॅन पन्नास सेकंदांवर आला. दुसरी एखादी असती तर खूश होऊन घरी गेली असती.

पण ही कसली जातेय! अशा पेटीत प्रत्येक स्कॅनचे तुकडे सगळ्या ड्राइव्हवर वाटलेले असतात. एक जरी रेंगाळली तर बाकीच्या तेवीस जणी तिची वाट बघत बसतात. आणि सतरा रेंगाळत होती. थोडं वाचायची, थांबायची, पुन्हा थोडं वाचायची. एकच फाइल. तिने बघितलं, ही फाइल कोणी मागवलेलीच नव्हती. तिने नेटवर्कची केबल उपसली. तरी वाचन चालूच. तिने केबल परत लावली. शिवाय फाइल अख्खी एकट्या सतरावर होती, आणि या पेटीत तसं होऊच शकत नाही.

ती वाकली. एसएसडीच्या आत हलणारं काही नसतं, त्यामुळे आवाजही नसतो. हे तिला झोपेतसुद्धा ठाऊक होतं. तरीही सतराच्या फटीतून काहीतरी येत होतं... कोणीतरी ओठांतल्या ओठांत, शब्दावर बोट ठेवून वाचावं तसं. आणि त्या गार हवेत, अगदी पुसट, वॉर्डातल्या धुतलेल्या चादरीचा वास.

"पंखा खराब झालाय," ती स्वतःशी मोठ्याने म्हणाली. अंगावर काटा आला होता, पण कामात काटाबिटा ती जुमानत नसे. मरायला टेकलेली ड्राइव्ह असलेच चाळे करते, बदलली की झालं. काका माया लावून बसलेत, दुसरं काय. तिने सतरा जशीच्या तशी एका नव्या, चौपट वेगाच्या ड्राइव्हवर उतरवली आणि नवी त्या खणात सरकवली.

स्कॅन दोन सेकंदांत उघडला. तिने खुर्चीतच आळस दिला. मग सहज म्हणून बघितलं, तर सतराचं वाचन आता सुसाट सुटलं होतं. फाइलचा निम्मा भाग संपला होता. बघता बघता साठ टक्के. सत्तर.

फोन वाजला. काका.

"तिला धाप लागलीये गं... एकदम. डॉक्टर धावत आलेत. तू खाली... सतराला हात लावलास का?"

"बदलली, काका. हळू होती म्हणून—"

"हळूच हवी होती." काका रडत होते. "तिला आणलं त्या दिवसापासून ती ड्राइव्ह तिची फाइल वाचतेय. वाचणं चालू आहे तोवर ती आहे. मी सांगितलं होतं ना तुला... ती वाचतेय म्हणून."

तो शब्द तिने नीट ऐकला होता, फक्त मशीनचा म्हणून ऐकला होता.

पंचाऐंशी टक्के. थांबवलं तर काय होईल ते कळायला मार्ग नव्हता आणि तो धोका ती घेणार नव्हती. पण वेगाला लगाम घालणं हा तर तिच्या डाव्या हातचा मळ. तिने ते एकच वाचन वेगळं पकडलं आणि त्याच्यावर मर्यादा टाकली. नव्वद. ऐकलं नाही. आणखी खाली. पंच्याण्णव. अजून खाली. शेवटी मशीन घेईल तो सगळ्यात लहान आकडा तिने टाकला, आणि वाचन नव्व्याण्णवाच्या जरासं पुढे जाऊन जवळजवळ उभं राहिलं.

"शांत झाली," काका फोनवर म्हणाले. "अगं, शांत झाली..."

तिने हिशोब केला. चार पानं शिल्लक होती. दिवसाला एक अक्षर. म्हणजे जवळजवळ वीस वर्षं. तिला हसू फुटलं, डोळ्यांत पाणीही आलं. स्कॅन दोन सेकंदांत आणि काकूंना वीस वर्षं! आयुष्यात एवढं चोख काम तिने केलं नव्हतं.

वर गेली तर काकू डोळे उघडून पडल्या होत्या. नाडी बहात्तर. डॉक्टर म्हणाले, अशी स्थिर नाडी त्यांनी कधी पाहिली नव्हती. ती अर्धा तास बसली. आकडा एकदाही हलला नाही, आणि काकूंची पापणीही. फक्त ओठ किंचित उघडे होते, काहीतरी बोलायला सुरुवात करावी तसे. काकांच्या मते ही सुधारणाच होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. काकू बोलल्या होत्या. दिवसभर ओठ हलत हलत एक अक्षर पुरं झालं, "न". तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "आज 'को' म्हणाली. नवं काहीतरी सांगायचंय बघ तिला. पूर्ण होऊ दे वाक्य, आपल्याला काय घाई आहे!"

पुतणीने फोन ठेवला आणि घरूनच ती फाइल उघडली. उरलेली पानं वाचायला मिनिटसुद्धा लागलं नाही. चारही पानांवर तीच दोन अक्षरं होती, पुन्हा पुन्हा, शेवटच्या ओळीपर्यंत. आणि फाइल लिहिल्याची तारीख अकरा आठवड्यांपूर्वीची होती, काकूंना इथे आणलं त्याच दिवसाची.