मधली जागा

शरदचंद्रांना लाकूडकाम येत नव्हतं, हे डोमाजी सुताराने त्यांना तोंडावर सांगितलं होतं. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाने रंधा हातात धरला की जे व्हायचं तेच होत होतं. पण हे टेबल ते स्वतःच करणार होते. हेरंबला तसा शब्द दिला होता. पोराच्या वाढदिवसाला खेळण्यातली आगगाडी आणली, डब्याडब्यांची, अगदी खऱ्यासारखी. ती फरशीवर धावताना पाहून बाप म्हणाला होता, "उन्हाळ्यात हिच्यासाठी मोठं टेबल करू." उन्हाळा पेपर तपासण्यात गेला आणि पावसाळ्यात तापाने हेरंब गेला.

त्याला दोन वर्षं झाली. आता वारंगलला बदली झाली होती आणि आदिलाबादचं हे घर कधी एकदा सोडते, असं मीनाक्षीबाईंना झालं होतं. टेबल पुरं करायचं, गाडीसकट शाळेला द्यायचं आणि निघायचं, असं ठरलं. त्या स्वयंपाकघरात भांडी बांधत होत्या आणि शरदचंद्र मागच्या खोलीत सागाच्या पट्ट्या ठोकत होते.

टेबल चौकोनी होतं, मध्ये मोकळी जागा ठेवलेली. गाडी चालवणाऱ्याने तिथे उभं राहायचं, भोवती रूळ फिरायचे. खालच्या बाजू फळ्यांनी झाकल्या होत्या, आत वाकून जाण्यापुरती एक वाट सोडून. उंची हेरंबच्या छातीला येईल एवढीच धरली. शरदचंद्रांना दुसरी सुचलीच नाही.

पातळी पाहायची पाणसळ ठेवली की सकाळी बुडबुडा बरोबर मध्यावर असे. शाळा सुटायच्या सुमाराला मात्र आतली कड झुके. दुपारच्या उन्हाने लाकूड आखडतं, असं त्यांनी ठरवलं. मग जिनिंगच्या कारखान्याकडे जाणाऱ्या कापसाच्या ट्रकांवर खापर फोडलं. पायाखाली पाचर ठोकून पाहिली.

शेवटी एका रविवारी ते स्टूल घेऊन समोर बसले. ऊन तिरपं झालं. रस्त्यावर ट्रक नव्हता. बुडबुडा हळूच सरकला आणि तिथेच थांबला. थोड्या वेळाने परत आला आणि समोरची कड झुकली. कुणीतरी रेलून कंटाळावं आणि दुसरीकडे जाऊन रेलावं, तशी.

शरदचंद्र घाबरले नाहीत. त्यांना आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाज वाटली. बायकोला त्यांनी काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी कडांना वॉर्निश लावलं. संध्याकाळी मीनाक्षीबाई सामानाचा ट्रक ठरल्याचं सांगायला आल्या आणि दारातच थबकल्या. आतल्या कडेवर दोन गोल ठसे उमटले होते. कोपरांचे. मध्ये, जरा पुढे, हनुवटीचा.

"आत कोन गेलतं?"

"कोनी नाही."

मीनाक्षीबाईंनी ठशावर बोट फिरवलं. वॉर्निश वाळून कडक झालं होतं. त्या खाली बसल्या आणि तोंडात पदर धरून रडल्या. दोन वर्षांत अशा रडल्या नव्हत्या.

मग डोळे पुसून म्हणाल्या, "हे शाळेला द्यायचं नाही. आपल्यासंगं न्यायचं."

"बरं."

"ही वाट काऊन ठेवली?"

"आतबाहेर करायला लागते."

"कोनाला?"

शरदचंद्रांनी वॉर्निशच्या डब्याचं झाकण लावलं.

"सामान हलवताना तो निघून गेला त?" मीनाक्षीबाईंनी वाटेवर हात आडवा धरला. "बंद करा तुमी."

घडीभर पाय न टेकणारं पोर होतं ते. त्याला कोंडणं वाईट, हे दोघांनाही कळत होतं. तरी शरदचंद्रांनी फळी उचलली. मीनाक्षीबाईंनी ती दाबून धरली.

एकेक खिळा बसत गेला.

शेवटचा शरदचंद्रांच्या बोटांतून निसटला आणि फळीखालच्या फटीतून आत घरंगळला. खिळ्यांची डबी रिकामी होती.

"राहू द्या," मीनाक्षीबाई म्हणाल्या.

शरदचंद्रांनी हातोडी खाली ठेवली.

मग फटीतून खिळा बाहेर आला. सावकाश. आधी डोकं.

टोकदार वस्तू दुसऱ्याला देताना टोक आपल्याकडे धरायचं, हे शरदचंद्रांनीच हेरंबला शिकवलं होतं.

मीनाक्षीबाईंनी तो घेतला आणि नवऱ्याच्या हातात दिला. शरदचंद्रांनी ठोकला.