अनारशाचा डबा

"मॅडम, केस लिहून घ्या. चोर माझ्याच घरातला हाय. माझा पोरगा."

पोराला सोडवा म्हणून रडणारे बाप सायबर पोलीस ठाण्यात रोज येतात. पोराला धरा म्हणणारा बाप उपनिरीक्षक अमृता खरातनं नोकरीत पहिल्यांदाच ऐकला. फोन करणारे तात्यासाहेब औताडे. पैठण रोडची त्यांची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली होती. मोबदल्यातला मोठा वाटा मुलगा सत्यम यानं वडिलांच्या परवानगीनं क्रिप्टोच्या चार-पाच प्रकारच्या नाण्यांत घातला होता, अर्धा स्वतःच्या आणि अर्धा बहिणीच्या नावानं धरून. परवा त्यानं ही नाणी ठेवायचं मोबाइलमधलं वॉलेट उघडलं तर आत काही नव्हतं.

"मुलावरच संशय का?" अमृतानं विचारलं.

"किल्ली त्याच्या एकट्याकडं होती. दुसरं कोन घेनार? मी त्याला सांगितलंय, खरं बोलल्याबिगर या घराचा उंबरा वलांडायचा नाय."

दुसऱ्या दिवशी सत्यम स्वतःच ठाण्यात आला. फर्दापूरच्या एका पर्यटक निवासात तो मॅनेजर होता आणि आठवड्यातले बहुतेक दिवस तिकडंच राहायचा. चेहऱ्यावरून त्याला झोप नव्हती. पण चोरांनाही झोप लागत नाही, हे अमृताला ठाऊक होतं.

"वॉलेट कुणी निवडलं?"

"मीच. एक्स्चेंजवर, म्हणजे नाण्यांच्या ऑनलाइन बाजारात, पैसे ठेवले की किल्ली त्यांच्याकडं राहते. तसल्या एका ठिकाणी दरोडा पडला, तेव्हापासून मला धास्ती होती. सगळी नाणी एका जागी मावतील असं वॉलेट शोधत होतो. माझ्या मित्रानं, ऋतुराजनं दोन सुचवली. त्याचं उस्मानपुऱ्यात मोबाइलचं दुकान आहे."

"त्यातलं कुठलं घेतलं?"

"एक सोडून दिलं. ते म्हणत होतं, तुमचे गुप्त शब्द आमच्या क्लाउडवर ठेवा. दुसऱ्या वॉलेटचा कोड कुणालाही तपासता येतो, ते घेतलं. तेही कंपनीच्या मूळ साइटवरून. जाहिरातीतल्या लिंकला हातसुद्धा लावला नाही."

हे गुप्त शब्द म्हणजे सगळ्या प्रकरणाची मेख होती. वॉलेट सुरू करताना ते बारा इंग्रजी शब्द देतं. फोन हरवला तरी ते शब्द दुसऱ्या फोनवर टाकले की वॉलेट जसंच्या तसं उभं राहतं. ज्याच्याकडं शब्द, त्याचा पैसा.

"शब्द कुठं लिहिले होते?"

सत्यमनं खुर्ची पुढं सरकवली. मग दाराकडं बघून आवाज खाली आणत म्हणाला, "कागद भिजतो, जळतो. फोटो काढला तर चोरीला जातो. भांड्यांवर नाव घालायचं यंत्र मी ऑनलाइन मागवलं. घरी माळ्यावर आईचे तीन स्टीलचे डबे आहेत, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेले. त्यातल्या एकाच्या तळाला शब्द कोरले. भांड्याच्या तळाला नाव सगळ्यांच्याच घरी असतं, कोण वाचतंय? मी कुणालाच सांगितलं नाही. आईलासुद्धा नाही."

"पैसे गेले तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"पाहुण्यांना घेऊन लेण्यांत. फोन पर्यटक निवासात चार्जिंगला."

सगळी उत्तरं कशी नीटनेटकी. अमृताला नीटनेटक्या उत्तरांचा मनापासून राग यायचा. तिनं त्याचा फोन तपासायला पाठवला. अहवाल आला: अॅप अस्सल, फोन स्वच्छ. म्हणजे कुलूप फोडलेलं नव्हतं, किल्लीनंच उघडलं होतं. डब्याबद्दल कुणाशीही अवाक्षर काढायचं नाही, असं सत्यमला बजावून ती बीड बायपासवरच्या औताड्यांच्या घरी गेली.

घरात जावई आले होते. चितेगावच्या एका कंपनीत सुपरवायझर असलेले राजेंद्र पठाडे सोफ्यावर पाय मुडपून बसले होते. पुढ्यात काजूची वाटी आणि पाठीशी लोड. जावयाचा थाट काय विचारता! पोराला उंबरा बंद आणि जावयाला लोड, हे बघून अमृताला जरा खटकलंच.

"मामांना मीच म्हणालो, पोलिसांत जा. घरची लाज म्हणून झाकून ठेवायचं व्हय?"

"तुम्हाला सत्यमच वाटतो?"

"मॅडम, मला त्या नाण्यातलं ओ की ठो कळत नाय. आम्ही शिफ्ट करणारी माणसं. पण फोन जवळ नव्हता म्हणतो, हे काय कारण झालं? दुसऱ्या मोबाइलवर उघडता येतं की ते."

तात्यासाहेबांनी चमकून विचारलं, "दुसऱ्या मोबाइलवर बी उघडतं? हे मला न्हवतं माहीत."

तेवढ्यात त्यांच्या पत्नी आशाबाई चहा घेऊन आल्या. "साखर नाय बरं का, ताई. यांना शुगर निघाली तवापासून घरात साखरंचा दाणा येऊ देत नायत. गूळ देऊ का?"

"असू द्या, असाच घेते." अमृतानं चहा संपवला आणि स्वयंपाकघर बघायची परवानगी मागितली. आशाबाईंना नवल वाटलं, पण त्यांनी स्टूल आणून दिलं.

माळ्यावर डबे दोनच होते. दोन्हींवर ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरात 'सौ. आशाबाई औताडे'. एकावर धुळीचा थर. दुसरा लख्ख, आणि त्याच्याकडं भिंतीवरून मुंग्यांची रांग लागलेली. अमृतानं लख्ख डबा उचलून तळ पाहिला. बारा शब्द जागेवर होते. झाकण उघडलं. आत तळाशी मूठभर साखर होती. तिनं झाकण लावलं आणि दोन्ही डबे खाली घेतले.

"आशाबाई, हे माझ्याकडं राहू द्या. तिसरा कुठंय?"

"दिला असंल कुनाला तरी," आशाबाई पुढच्या खोलीकडं बघत घाईनं म्हणाल्या. "डबे काय घरात ऱ्हातात व्हय, ताई?"

त्या काहीतरी लपवत होत्या. पोराला पाठीशी घालताहेत की दुसऱ्या कुणाला?

तिसरा डबा अमृताला उस्मानपुऱ्यात सापडला. ऋतुराजच्या दुकानात, काउंटरवर, स्क्रूंनी भरलेला. वर तेच नाव. वॉलेट सुचवणारा हाच आणि डबाही याच्याकडंच!

"हा इथं कसा?"

"काकूंचा आहे, मॅडम. धोंड्याच्या महिन्यात अनारसे पाठवले होते. एकदम बढिया."

"परत का नाही दिला?"

"आम्ही एकटी राहणारी माणसं. आमच्याकडून डबा परत जातो का कुठं?" तो हसला, पण कपाळावर घाम होता. "मॅडम, वॉलेट बरोबर होतं, कसम से. कुणालाही विचारा. माझ्यावर का येताय?"

अमृतानं स्क्रू काउंटरवर ओतले आणि डबा उलटा केला. तळ कोरा होता. तिनं डबा पिशवीत घातला. मग ऋतुराजला म्हणाली, "हा पण मी नेते. घाबरू नका."

नाण्यांचा माग ज्या एक्स्चेंजपर्यंत जात होता, तिथून खातेदाराचं नाव यायला आठवडा गेला. ते आलं त्या रविवारी तिनं सगळ्यांना औताड्यांच्या घरी बोलावलं. तात्यासाहेब, आशाबाई, राजेंद्र आणि त्यांची बायको सायली पुढच्या खोलीत बसले. सत्यम बाहेर पायरीवर उभा राहिला. आत ये असं त्याला कुणी म्हटलं नाही आणि त्यानंही पाऊल टाकलं नाही.

अमृतानं टेबलावर तीन डबे मांडले.

"तात्यासाहेब, तुमच्या घरात साखर येते?"

"नाव काढू नका."

"मग ही कुठून आली?" तिनं लख्ख डब्याचं झाकण काढलं.

तात्यासाहेबांनी बायकोकडं पाहिलं. आशाबाईंनी पदर सावरला. "सायलीकडून आली. धोंड्याचे अनारसे पाठवले होते ना जावयांना, त्यो डबा. रिकामा कसा परत करायचा म्हणून पोरीनं साखर घातली. यांच्या नजरंला पडू नये म्हणून मी माळ्यावर सारला. तवापासून उघडलाच नाय. त्या दिशी बी यांच्यासमोर बोलायचं जिवावर आलं."

"त्या साखरेनंच तुमच्या मुलाला वाचवलं." अमृतानं साखर ताटलीत ओतली आणि डबा उलटा केला. "सत्यमनं वॉलेट अगदी पारखून घेतलं होतं. ते कुणी फोडलेलं नाही. किल्लीचे बारा शब्द त्यानं या तळाला कोरले आणि डबा आपल्याच घरात आहे म्हणून निर्धास्त राहिला. पण आपल्याकडं स्टीलचा डबा घरात राहतो का? आईनं माळ्यावरून डबे काढले, अनारसे भरले आणि पाठवून दिले. सत्यम होता फर्दापूरला, त्याला पत्ता नाही. डबे तीन. हा धुळीचा, जागचा हललाच नाही. हा ऋतुराजचा, तो परत आलाच नाही, आणि त्याचा तळही कोरा. शब्दांचा डबा कुठंतरी जाऊन आला होता. कुठं, ते साखरेनं सांगितलं."

तात्यासाहेबांनी चष्मा चढवून तळावरची अक्षरं पाहिली.

"सायलीताई, अनारसे संपल्यावर डबा कुणी घासला?"

"यांनी," सायली सहज बोलून गेली. "लग्न झाल्यापासून कधी कप विसळला नाय. त्या दिवशी म्हणाले, आण, मी घासतो, मीच नेऊन देतो. मी शेजारणीला कौतुकानं सांगितलं पण..." तिचं वाक्य तिथंच अडकलं. तिनं नवऱ्याकडं पाहिलं आणि मग बघतच राहिली.

राजेंद्र उसळून उभा राहिला. "डबा घासला म्हणजे चोरी केली? त्यावर काय खरडलंय ते मला काय कळणार?"

"तुम्हालाच कळलं. पहिल्याच दिवशी तुम्ही म्हणालात, दुसऱ्या मोबाइलवर उघडता येतं. पैसे ज्यांचे होते त्या तात्यासाहेबांना ते माहीत नव्हतं आणि नाण्यातलं ओ की ठो न कळणाऱ्या तुम्हाला माहीत होतं. मला तेव्हाच शंका आली, पण शंकेवर जावयाला हात लावता येत नाही. आता कागद आलाय. सगळी नाणी रामकिसन नावाच्या माणसाच्या खात्यात गेलीत. तुमच्या हाताखालचा हेल्पर. पीएफचं काम आहे म्हणून त्याचं आधार कार्ड आणि मोबाइल तुम्ही मागून घेतला होता. त्यानं जबाब दिलाय. थोडे रुपये तुम्ही उचललेत, बाकीचे खात्यातच गोठवलेत."

राजेंद्रनं सासऱ्याकडं पाहिलं. "मामा, अर्धं सायलीचंच होतं ना ते. मी काय परक्याचं..."

"आणि सत्यमचं अर्धं?" सायलीनं विचारलं. "त्याला घराबाहेर काढायला लावलंत, ते कशासाठी?" ती ढसाढसा रडायला लागली.

राजेंद्रला गाडीत बसवायला शिपाई आत आले. अमृताला एकच दुवा लिहायचा राहिला होता. "चितेगावला डबा कोण घेऊन गेलं होतं?"

आशाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. मग तात्यासाहेब म्हणाले, "मी. कंपनीत सुट्टी नाय म्हणून पाव्हणं जेवायला आले नायत. म्हणलं, जावयाचा मान चुकायला नको. एसटीत मांडीवर धरून नेला मी तो डबा, अनारसे मोडू नयेत म्हणून." त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. त्यांना लाज वाटत होती, आणि ती त्यांनी लपवली नाही.

ते उठले आणि दारापाशी गेले. सत्यम पायरीवर तसाच उभा होता. बापानं त्याच्या तोंडाकडं बघायचं टाळलं, पायांकडं पाहिलं.

"चपला काढ," ते म्हणाले. "आत ये. मी चुकलो."

सत्यमनं चपला काढल्या. उंबरा ओलांडून तो वडिलांच्या बाजूनं पुढं गेला आणि रडणाऱ्या बहिणीजवळ जाऊन बसला.