कॅमेऱ्याला टोपी

दुकानात शिरताना तिचा बेत पक्का होता. घरात लावायचा सगळ्यात स्वस्त कॅमेरा उचलायचा आणि जेवणाची सुट्टी संपायच्या आत कामावर परतायचं. पण काउंटरशी एक उंच, सडपातळ माणूस हातात उघडा खोका घेऊन असा काही आडवा उभा होता, की पुढे जायला वाटच नव्हती.

"बंद पडलाय का?" दुकानदार त्याला विचारत होता.

"छे, मस्त चालतोय."

"मग परत का देताय?"

"मस्त चालतोय म्हणूनच तर."

घाईत असूनही तिला हसू आलं. उघडलेला खोका परत घेत नाही असं त्याला ठणकावून दुकानदार तिच्याकडे वळला. "बोला ताई."

"घरात लावायला कॅमेरा हवाय. स्वस्तातला. फोनवर दिसला पाहिजे."

दुकानदाराने फळीवरून जो खोका काढला, तो त्या माणसाच्या हातातल्या खोक्याचा सख्खा भाऊ निघाला. दोघांनी खोक्यांकडे पाहिलं, मग एकमेकांकडे.

"कोणावर ठेवणार?" त्याने विचारलं.

'तुम्हाला काय करायचंय?' असं म्हणायला हवं होतं. पण त्याच्या विचारण्यात भोचकपणा नव्हता, आणि ती तर सकाळपासून कुणाशी तरी बोलायला आसुसलेलीच होती.

"बाबांवर... म्हणजे बाबांसाठी. दिवसभर घरी एकटे असतात. परवा गॅसवर दूध ठेवलं आणि गच्चीत जाऊन बसले."

"त्यांना सांगितलंत?"

"नाही अजून."

"मीही नव्हतं सांगितलं," तो म्हणाला. "आईच्या खोलीत फुलदाणीमागे लावला. तिला सापडला. ओरडली नाही, भांडली नाही. फक्त त्या खोलीत बसायची बंद झाली. स्वयंपाकघरात स्टुलावर बसून खोलीतल्या टीव्हीचा नुसता आवाज ऐकायची. मला फोनवर रोज रिकामी खुर्ची दिसायची..."

"अहो, माझं गिऱ्हाईक पळवू नका!" दुकानदार ओरडला.

पण गिऱ्हाईक पळालंच. बाहेर सोसाट्याचा वारा सुटला होता. एका हाताने ओढणी आणि दुसऱ्या हाताने पर्स सावरत ती फुटपाथवर उभी राहिली, आणि त्याने तो खोका तिच्यापुढे धरला.

"हा न्या. पण बाबांना विचारून लावा. ते हो म्हणाले तर पैसे द्या, नाही म्हणाले तर कॅमेरा परत द्या."

"आणि तुम्हाला शोधू कुठे?"

"त्यासाठी नंबर घ्यावा लागेल," तो म्हणाला, आणि आपण फारच सरळ बोलून गेलो असं वाटून घाईघाईने पुढे म्हणाला, "म्हणजे... ॲपमध्ये तुम्हाला जोडायलाही लागेलच."

त्याने आपल्या फोनवर काहीतरी दाबलं, तिने आपल्या फोनवर काहीतरी दाबलं. बॅटरीवर चालणारं ते पिटुकलं यंत्र तिच्या पडद्यावर तिच्याच चपला दाखवू लागलं. काम फत्ते झालं असं दोघांनाही वाटलं.

"मी दातांच्या प्रयोगशाळेत असते. कवळ्या बनवते," तिने नंबर देताना सांगितलं.

"मी लिफ्ट दुरुस्त करतो. कुणी अडकलं की मला बोलावतात."

"आणि तुम्ही अडकलात तर?"

"आजवर नव्हतो अडकलो," असं म्हणून तो गेला. ती कामावर उशिरा पोचली ती पोचलीच, वर दुपारभर एका कवळीला वरचे दात खाली लावत बसली.

मुळातच तिच्या जिवाला स्वस्थता नव्हती. कुलूप लावून जिना उतरायची आणि ते ओढून बघायला पुन्हा वर यायची. आई गेल्यापासून तर बाबांना नुसती शिंक आली तरी ती डॉक्टरांचा नंबर शोधायची. त्यामुळे त्या संध्याकाळी कॅमेऱ्याचा विषय काढायला तिला चहाचे दोन कप लागले.

बाबांनी कॅमेरा उलटसुलट करून पाहिला. "म्हणजे तू तिकडे लोकांचे दात घासत बसणार आणि इकडे मला बघणार?"

"घासत नाही हो, बनवते. काळजी वाटते, बाबा."

"बघ बापडे. पण दुपारी मी बनियनवर असतो. तेवढा वेळ माझं मी बघेन."

तिने कॅमेरा उंच कपाटावर लावला, आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिचा पडदा काळाकुट्ट झाला. हातातलं मेण टाकून तिने घरी फोन लावला.

"काही नाही गं," बाबा निवांतपणे म्हणाले, "माझी कानटोपी घातलीय त्याला."

उभ्या जन्मात कुणाला टोपी न घातलेल्या त्या सज्जन माणसाने पहिली टोपी घातली ती कॅमेऱ्याला. तिने तडक लिफ्टवाल्याला फोन केला.

"घालू द्या की," तो म्हणाला. "टोपी घातली म्हणजे माणूस धडधाकट आहे. उठले, टोपी शोधली, स्टुलावर चढले—"

"स्टुलावर चढले?"

"...चुकलो. कॅमेरा खाली लावा. त्यांचा हात पोचेल असा."

तिने तसंच केलं, आणि त्या कारणाने आभाराचा एक फोन झाला. मग पैसे द्यायचे म्हणून एक कॉफी झाली. पैसे द्यायचे दोघंही विसरले, म्हणून दुसरी झाली. प्रयोगशाळेच्या इमारतीतली लिफ्ट हल्ली वरचेवर तपासली जाऊ लागली, आणि दर तपासणी नेमकी जेवणाच्या सुट्टीत संपू लागली. कोपऱ्यावरच्या कॅन्टीनमध्ये ती समोर फोन उभा करून बसायची, एक डोळा बाबांवर.

"तुम्ही त्यांच्यावर लक्ष ठेवताय," एकदा तो म्हणाला, "पण काल रात्री ते काय बोलले, आठवतंय?"

तिला आठवेना. काल बाबा जेवताना कितीतरी वेळ बोलत होते, आणि ती दुपारचं रेकॉर्डिंग पुढे-मागे करून पाहत होती. त्या रात्री तिने फोन दुसऱ्या खोलीत ठेवला आणि बाबांच्या जुन्या मित्राची सगळी हकीकत पहिल्यापासून ऐकली.

"आज कानात नवीन डूल," दुसऱ्या दिवशी लिफ्टवाला कॉफी ढवळत म्हणाला.

"अच्छा! म्हणजे तुम्ही माझ्यावर लक्ष ठेवता?"

"ठेवत नाही," तो कपात बघत म्हणाला. "लक्ष... असतं."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. डूल हलके होते, तरी उगाच जड वाटू लागले. त्याच्या मनात काय आहे ते त्याने सांगून टाकावं, असं तिला फार फार वाटत होतं. पण हा माणूस लिफ्टइतकाच सावकाश वर यायचा, आणि नेमका दार उघडायच्या वेळी थांबायचा.

रविवारी तिचा मावसभाऊ घरी आला. त्याचं लग्न ठरत होतं, आणि खिशात मखमली डबी होती.

"ताई, बोट दे," तो म्हणाला. "तिचं बोट अगदी तुझ्याएवढं आहे. बसते का बघू."

त्याने अंगठी तिच्या बोटात सरकवली. चपखल बसली. बाबांनी आनंदाने टाळ्या वाजवल्या, आणि मग जरा वेळाने हळूच म्हणाले, "तुझ्या बोटात कधी यायची गं अशी?"

एरवी तिने विषय उडवून लावला असता. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, अंगठी काढता काढता ती बोलून गेली, "बाबा, मला तो आवडतो. लिफ्टवाला. त्याचं काय आहे ते त्यालाच ठाऊक."

मावसभावाने शिट्टी वाजवली. शेल्फावरचा कॅमेरा बिनटोपीचा, आपला हिरवा दिवा लावून सगळं बघत होता. पण तो तर घरचाच होता. त्याचं कुणाला काय!

सोमवारी लिफ्टवाल्याचा फोन आला नाही. मंगळवारीही नाही. तिने केला तर वाजून वाजून बंद झाला. 'कामात असेल,' असं तिने स्वतःला समजावलं आणि तिला ते मुळीच पटलं नाही. तिने संदेश लिहिला, पुसला, परत लिहिला, परत पुसला. कॅन्टीनमध्ये दोन कॉफ्या मागवल्या आणि दोन्ही स्वतःच प्यायली. खिडक्यांची तावदानं वाऱ्याने थडथडत होती. आपण काही जास्त बोललो का? की काहीच बोललो नाही, म्हणून तो कंटाळला? नुसतं एकदा दिसला असता तरी चाललं असतं.

बुधवारी तो दिसला. प्रयोगशाळेच्या दारात, हत्यारांच्या पिशवीशिवाय. बाकीचे सगळे जेवायला गेले होते. ती टेबलाशी बसून गुलाबी हिरड्यांवर पॉलिश करत होती. तिने मशीन बंद केलं.

"दोन दिवस फोन का नाही उचलला?" ओठांवर आलेलं बाकी सगळं गिळून तिने एवढंच विचारलं.

"एक सांगायचंय," तो म्हणाला. बसला नाही. "कॅमेरा अजून माझ्याच खात्यावर आहे."

"म्हणजे?"

"त्या दिवशी फुटपाथवर मी तुम्हाला त्यात नुसतं जोडलं. मालक म्हणून माझं नाव तसंच राहिलं. मला कळलंच नाही. आईच्या मांजरीमुळे सारखी घंटी वाजायची, म्हणून मी सूचना कधीच्या बंद केल्या होत्या. रविवारी फोन नवा घेतला, आणि त्या आपोआप चालू झाल्या."

ती उभी राहिली. हातातली कवळी तशीच हातात.

"म्हणजे इतके दिवस... आमचं घर... तुम्हाला दिसत होतं?"

"दिसू शकत होतं. मी बघितलं नाही."

"कशावरून?"

"पुरावा नाही माझ्याकडे."

तिला चीड आली, रडू आलं, आणि सगळ्यात जास्त भीती वाटली. रविवारी त्या खोलीत ती काय बोलली होती ते तिला शब्दन् शब्द आठवलं. याने ते ऐकलं. ऐकलं आणि दोन दिवस तोंड लपवून बसला! याहून वाईट उत्तर काय असू शकतं? ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिथे प्लास्टरचे साचे ओळीने मांडलेले होते, सगळेच्या सगळे आ वासून.

"रविवारी काय आलं फोनवर?" तिने न वळता विचारलं.

"सूचना. तिच्यासोबत एक छोटं चित्र येतं. तेवढं दिसलं. तेव्हाच तुम्हाला सांगायला हवं होतं, पण... माझंच डोकं ठिकाणावर राहिलं नाही. हा घ्या फोन. 'कॅमेरा काढून टाका' असं लिहिलंय, ते तुमच्या हाताने दाबा. जुनी रेकॉर्डिंगंही पुसली जातील. आणि..."

"आणि काय?"

"अभिनंदन."

ती गर्रकन वळली. "कशाबद्दल?"

"अंगठी शोभत होती तुमच्या हाताला. ते... चांगले वाटतात. बाबाही खूश दिसत होते." तो हसायचा प्रयत्न करत होता आणि ते त्याला अजिबात जमत नव्हतं.

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याचे डोळे तांबारलेले होते, दाढी वाढलेली होती, शर्टाची बटणं वरखाली लागली होती. आणि मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. याने काहीच ऐकलेलं नाही! ऐकलं असतं, तर 'ताई, बोट दे' हे पहिलंच वाक्य कानावर पडलं असतं. दोन दिवस ते रेकॉर्डिंग याच्या खिशात होतं, आणि याने ते उघडलं नव्हतं.

"आवाज नाही ऐकलात?"

"रेकॉर्डिंग उघडलं तर आवाज येणार ना."

"उघडावंसं नाही वाटलं?"

"वाटलं की! शेवटी फोन आईच्या ताब्यात दिला. ती म्हणाली, आता कळलं का तुला, मला तो खोलीत का नको होता?"

तिला हसू फुटलं. डोळे पुसत, कवळी टेबलावर ठेवत, ती हसतच सुटली. त्याला काही उमजेना.

"तो मावसभाऊ होता माझा. अंगठी त्याच्या होणाऱ्या बायकोची. माझ्या बोटावर माप बघत होता."

"मावस..." तो मटकन स्टुलावर बसला. "मावसभाऊ?"

"हो."

"सख्ख्या मावशीचा?"

"अगदी सख्ख्या."

त्याचा चेहरा असा काही उजळला, की तिलाच बघवेना. तिने फोन हातात घेतला. पडद्यावर विचारलं होतं: सर्व रेकॉर्डिंग कायमची पुसली जातील, नक्की? यात रविवारही होता. नुसतं ते रेकॉर्डिंग त्याला ऐकवलं असतं तर काम झालं असतं, तिला तोंड उघडावंही लागलं नसतं. तिने क्षणभर विचार केला आणि 'हो' दाबलं.

त्यासरशी तिच्या फोनवरचं घरही दिसेनासं झालं. बाबा आत्ता काय करत असतील, याचा तिला काहीच पत्ता नव्हता. तिने दोन्ही फोन टेबलावर पालथे ठेवले.

"त्यात बाबांनी मला काहीतरी विचारलं होतं," ती म्हणाली. "मी उत्तर दिलं होतं. तेही गेलं आता."

"काय विचारलं होतं?"

"माझ्या बोटात कधी येणार म्हणून."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

बाहेर वारा होता तसाच होता. तिच्या बोटांना पॉलिशची गुलाबी पूड लागली होती, ती चोळत ती म्हणाली, "मी म्हटलं... मला तो आवडतो."

"कोण तो?"

"तू."

तो शब्द दोघांमध्ये पहिल्यांदाच आला होता. लिफ्टवाला स्टुलावरून उठला, तिच्या समोर येऊन थांबला आणि दार उघडायच्या वेळी या खेपेस मात्र अडकला नाही.

"पुन्हा म्हण ना," तो म्हणाला.