तात्यांची लाल पाटी

संध्याकाळी साडेसहाला ती सबस्टेशनच्या पॅनेलसमोर बसली तेव्हा सूर्य मावळतीला टेकला होता, उकाडा मात्र जागचा हलायला तयार नव्हता. नोकरीला चार वर्षं झाली होती, लग्नाला महिना. पण बदली होऊन इथे आल्यापासून तिची ओळख एकच : तात्यांची सून. सासरे याच खुर्चीत तीस वर्षं बसले, तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या हाताखाली एकालाही शॉक लागला नाही, हे सासूबाई पाहुण्यांनी चपला काढायच्या आत सांगत.

ऊन उतरलं तशी सोलरची वीज आटत गेली. पंखे आणि कूलर थोडेच कुणाचं ऐकतात? सगळा भार अंगावर येऊन मुख्य लाइन बंद पडली. इस्पितळ आता सबस्टेशनच्या बॅटरीवर होतं, आणि तिथे दिवस भरण्याआधी जन्मलेली तीन बाळं काचेच्या पेट्यांत होती. सात वाजायला दहा कमी असताना कंट्रोल रूममधून साहेबांचा फोन आला. बॅटरी वीस मिनिटं टिकेल, तेवढ्यात दुसरी लाइन चालू कर.

ती दुसऱ्या लाइनच्या ब्रेकरपाशी, त्या मोठ्या स्विचपाशी गेली. हँडलला लाल पाटी लटकत होती : 'लाइनवर माणूस आहे.' खाली तिरकी सही. तात्यांची.

नियम साधा होता. पाटी ज्याने लावली त्यानेच काढायची.

तिने साहेबांना सांगितलं.

"अगं, त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. जुनी राहिली असेल... काढ."

"आल्या आल्या मीच हँडल पुसलंय, साहेब. पाटी नव्हती."

"मग...?"

"मग लावणारा येईपर्यंत मी हात लावणार नाही."

मागे खुर्ची करकरली. ती स्वतः तर उभी होती. बंद खोलीत ग्रीसचा आणि कुणाच्या तरी घामाचा वास दाटला.

वळून न बघता तिने इस्पितळाला फोन लावला. बाळांच्या पेट्या सोडून लिफ्ट, एसी, ऑफिसं, सगळं बंद करवलं. आजारी माणसाला पाणी पाजावं तशी बॅटरी घोटघोट पुरवली. सात सतराला वायरमनचा फोन आला. दुसऱ्या लाइनची तार उन्हाने लोंबली होती, खांबावर चढून ताणली, आत्ता उतरलो. लाइन बंदच होती म्हणून कळवलं नाही, पाटीही लावली नाही.

"पुढच्या वेळी लावा," एवढंच ती म्हणाली.

वळून पाहिलं तर हँडल मोकळं होतं. तिने लाइन चालू केली. इस्पितळातली एकही पेटी क्षणभरही बंद पडली नाही, हे तिने रजिस्टरात ठळक लिहिलं. खाली एक रेघही ओढली, गरज नसताना.

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाट उघडलं. तात्यांच्या गणवेशाची तीन वर्षं न मोडलेली घडी. आत तीच पाटी. दोरी घामाने ओली होती. मागे तिरक्या अक्षरात : 'काढली, सात सतरा.' शाई तिच्या अंगठ्याला लागली.

"त्यांना सून बघायची होती," सासूबाई ताठ मानेने म्हणाल्या. "बघितली."

तिला हसू आलं. मग अंगठा उचलल्यावर खालची ओळ दिसली. 'लावली.' तारीख उद्याची होती, लाइन त्यांच्याच गल्लीची... काढल्याची जागा कोरी.