खोपीला दोन भोकं

आजोबांच्या ध्यानासाठी बांधलेल्या खोपीचं वरचं भोक रोज सकाळी बुजलेलं असायचं. एकदा नाही, सलग तीन दिवस! मी दुपारी भोक पाडायची आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर तिथे राखाडी लुकण (फटी बुजवायचा चिकट लगदा) सफाईने थापलेलं. माझा संशय सरळ गवंड्यावर होता.

गवंड्या म्हणजे आमचा बांधकाम करणारा यंत्रमानव. तो आजोबांबरोबरच चंद्रावरून परत आला. आजोबा तिथल्या वसाहतीत अकरा वर्षं घरं बांधणारे शास्त्रज्ञ होते. चंद्रावर हवा नाही, म्हणून तिथे प्रत्येक खोलीत पंप सतत हवा खेळवत असतात. पंपाची घरघर थांबली की माणसं जीव मुठीत घेऊन धावतात. त्यामुळे इथे आमचा साधा फ्रीज बंद होऊन चालू झाला, तरी आजोबा दचकून उठायचे. परत आल्यापासून त्यांना सलग दोन तास झोप लागली नव्हती. जेवता जेवताच त्यांची मान कलंडायची आणि ते मला बघवत नव्हतं.

डॉक्टर निमकरबाईंनी स्पष्टच सांगितलं. "यांनी रोज अर्धा तास निवांत बसायला हवं. झाडांत, आणि आसपास एकही यंत्र नको. पंधरा दिवसांत मनगटपट्टीवरचे हृदयाचे ठोके उतरले नाहीत, तर यांना शहरातल्या केंद्रात ठेवावं लागेल."

ते केंद्र मी पाहिलं होतं. तिथल्या भिंतीभिंतीत यंत्रं घरघरत होती. आजोबांना तिकडे पाठवायचं नाही, हे मी तिथल्या तिथे ठरवलं. माझं वय बारा असलं म्हणून काय झालं?

शेतामागे बांबूच्या बेटाशेजारी गवंड्याने आणि मी खोपी उभी केली. कारवीच्या काठ्या विणून केलेल्या कुडाच्या भिंती, त्यांवर शेणमातीचा लिंपा, वर जुनी कौलं. सगळं जवळपासचंच, आणि उद्या मोडलं तरी मातीत मिसळून जाणारं. बांबूच्या सावलीकडे जमिनीलगत एक झरोका ठेवला. वीज नाही, पंखा नाही. मी भलतीच खूश होते.

पण दुपारी आत पाऊल टाकलं आणि अंगाला घामाच्या धारा लागल्या. खोपी कसली, भट्टीच ती! आजोबा दहा मिनिटांत घामेघूम होऊन बाहेर आले.

"झरोका आहे, मग गार हवा आत का येत नाही?" मी चिडून विचारलं.

"उदबत्ती लावून बघ," आजोबा एवढंच म्हणाले. उत्तर आयतं हातात द्यायचं नाही, ही त्यांची जुनी खोड.

उदबत्तीचा धूर सरळ वर गेला, कौलांखाली जमला आणि तिथेच रेंगाळला. हवा तापली की पसरते, विरळ होते, आणि विरळ हवा हलकी म्हणून वर चढते. हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण वर चढलेल्या हवेला बाहेर पडायला वाटच नव्हती, कारण गवंड्याने कौलांमधली प्रत्येक फट चंद्रावरच्या शिस्तीने लिंपून टाकली होती!

मला आईचा तेलाचा डबा आठवला. डब्याला एकच भोक पाडलं तर तेल अडखळत येतं, दुसरं पाडलं की छान धार लागते. खोपीलाही दुसरं भोक हवं होतं, तेही उंचावर. वरून गरम हवा निघाली की तिची जागा घ्यायला खालून बांबूच्या सावलीतली गार हवा आपोआप येणार. याला म्हणतात धुरांडे-परिणाम (गरम हवा वर निघून गेल्यामुळे खालून नवी हवा ओढली जाणे). मी आढ्याजवळचं एक कौल उचलून पाऊस येणार नाही असं तिरकं बसवलं, आणि खोपी निवली.

तेच भोक कुणीतरी रोज बुजवत होतं, त्यामुळे खोपी पुन्हा तापायची आणि आजोबांचे ठोके काही उतरत नव्हते. पंधरा दिवसांतले आता फक्त पाच उरले होते.

"गवंड्या, खरं सांग!" मी त्याला दरडावलं.

"केतकीताई, मी नाही. लुकणाचा डबा रोज संध्याकाळी आजोबा उचलून नेतात."

त्या संध्याकाळी मी बांबूआड बसून राहिले. ऊन कलताना आजोबा आले आणि खोपीत शिरले; मी दारातून डोकावले. स्टुलावर चढून ते डोळे मिटून भिंतीवरून, कौलांवरून तळहात फिरवू लागले. डाव्या हातात लुकणाचा गोळा होता.

"आजोबा! तुम्हीच?"

ते दचकले. गोळ्याकडे बघत म्हणाले, "मला कळलंच नाही गं. तिथे रोज झोपण्याआधी प्रत्येकाने आपली खोली अशी चाचपायची. हातफेरी म्हणायचो आम्ही. सुईएवढ्या भोकातूनही हवा निघून जाते, केतके. बाहेर हवाच नसते ना! हात ऐकतच नाही माझा."

मला रडू फुटेल असं वाटलं, पण रडून भोक उघडं राहणार नव्हतं. मी त्यांना खाली उतरवून झरोक्यापाशी बसवलं आणि त्यांचा तळहात तिथे धरला.

"काय लागतंय?"

"वारा. गार आहे."

"आता वर जाऊन बघा."

ते पुन्हा स्टुलावर चढले. त्यांनी भोकाशी हात नेला. "हवा बाहेर चाललीय," ते पुटपुटले.

"जाऊ दे की. जेवढी वरून जाते, तेवढी खालून येते. तिथे भोक पडलं की हवा संपायची. इथे बाहेर सगळीकडे हवाच आहे, आजोबा. ती संपत नाही."

त्यांनी भोकावरचा हात मागे घेतला. मग ते खाली उतरले, लुकणाचा गोळा जमिनीवर ठेवला आणि त्यात उदबत्ती खोचली. धुराची रेघ वर गेली आणि तिरक्या कौलाखालून बाहेर पडली. आजोबा मांडी घालून तिच्याकडे बघत बसले. त्यांचे डोळे हळूहळू मिटले, आणि मनगटपट्टीवरचा आकडा पहिल्यांदाच उतरू लागला.

पाचव्या दिवशी निमकरबाईंनी पट्टी पाहिली आणि केंद्रात पाठवायचा कागद परत पिशवीत ठेवला. पुढच्या उन्हाळ्यात चंद्रावरून आणखी नऊ जण परत येणार आहेत. त्यांच्यासाठी आजोबांनी नऊ खोप्यांची चित्रं काढायला घेतलीत. प्रत्येक चित्रात त्यांनी सगळ्यात आधी वरचं भोक काढलं आहे.