कप्तानाच्या महालातली भिंत

"पट्टी पुन्हा फाटली," हरी शिडीवरून उतरत म्हणाला.

राहीने वर बघितलं. कमानीवरच्या भेगेवर तिने काल भाताच्या खळीने कागदाची पट्टी चिकटवली होती. तीन दिवसांत फाटलेली ही तिसरी पट्टी. म्हणजे भेग रुंदावत होती.

१९५६ सालची मे महिन्याची सुट्टी होती. नागावपासून तासाभराच्या वाटेवर, पोफळवाडीत, कप्तानाचा महाल उभा होता. चारशे वर्षांपूर्वी एका पोर्तुगीज कप्तानाने तो आपल्या देशातल्या महालांसारखा बांधला होता. गोल कमानी, एकसारखे खांब आणि मधोमध लांबलचक दालन. पुढे तिथे मिठाची कचेरी आली. आता तिथे संग्रहालय होणार होतं. वरच्या मजल्यावर तोफगोळे आणि कोरीव दगड मांडून झाले होते. दालन पूर्वीसारखं अखंड दिसावं म्हणून संग्रहालयाचं काम बघणाऱ्या गुप्तेसाहेबांनी मधली विटांची भिंत पाडायला काढली होती. निम्मी पाडून झाली होती. पाडणारा गवंडी भागोजी हा हरीचा बाप, राहीचा काका.

"साहेब म्हणतात, जुन्या घराला भेगा असायच्याच," त्यांची मैत्रीण कमळ म्हणाली.

राही मात्र विटांकडे बघत होती. "खालच्या कमानी काळ्या दगडाच्या आहेत. वरचा मजला विटांचा आहे. बुटक्या विटा, चुन्यात शिंपल्यांचा चुरा. ही भिंत बघा, अगदी तशीच."

"मग?" हरीने विचारलं.

"मग कप्तानाचा महाल एकमजलीच होता. वरचा मजला कचेरीवाल्यांनी चढवला आणि तो पेलायला ही भिंत घातली. हा आडोसा नाही, हरी. आधार आहे."

तिघं धावत साहेबांकडे गेली. ते दालनातच टेबलाशी बसले होते.

"बाळ, माझ्याकडे महालाचा मूळ नकाशा आहे," ते म्हणाले.

"त्यात वरचा मजला आहे का?" राहीने विचारलं.

साहेबांनी नकाशावर नजर टाकली. त्यात एकच मजला होता. मग त्यांनी नकाशाची गुंडाळी केली. "रविवारी उद्घाटन आहे. संध्याकाळपर्यंत भिंत गेली पाहिजे."

दुपारी गडी जेवायला बसले तेव्हा तिघांनी पहारी, घण, टिकाव उचलले आणि आवारातल्या विहिरीत टाकून दिले.

हत्यारं गायब झालेली कळताच साहेबांचा आवाज चढला. भागोजीने हरीचा दंड धरला.

"पहारी मी टाकल्या विहिरीत, काका," राही पुढे होऊन म्हणाली. तिने फाटक्या पट्ट्या त्याच्या हातावर ठेवल्या. "भेगेवर सकाळी लावली की दुसऱ्या दिवशी फाटते."

भागोजी शिडीवर चढला. भेगेत त्याचं अख्खं बोट गेलं. तो उतरला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"साहेब, माणसं भायेर काढा. आत्ताच."

"पण भागोजी..."

"मजला खाली येतोय, साहेब."

सगळे बाहेर पळाले. भागोजीने दोन गड्यांना घेऊन माडाची खोडं आत ओढली आणि कमानीखाली टेकू द्यायला सुरुवात केली. दोन टेकू बसले. तिसऱ्यासाठी जमीन उकरायला हवी होती आणि पहारी विहिरीत होत्या. त्याने गड्यांना बाहेर पाठवलं आणि एकटाच दगडाने उकरत बसला. राही दाराशी उभी राहून बघत होती.

तेवढ्यात वरचा कोपरा कोसळला. साहेबांचं टेबल विटांखाली गेलं, आणि भागोजीचा पायही.

बाकीचा मजला टेकूंनी तोलून धरला.

अलिबागहून आलेल्या इंजिनियरांनी तपासणी करून सांगितलं, की भिंत पुन्हा बांधावी लागेल. ती पुरती गेली असती, तर आतलं कुणी वाचलं नसतं. गुप्तेसाहेब गावासमोर उभे राहिले. "मी नुसता नकाशा वाचला," ते मान खाली घालून म्हणाले, "या मुलांनी इमारत वाचली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शाळेच्या मास्तरांनी कमळ आणि हरीच्या पाठीवर हात ठेवला.

राही तिथे नव्हती. ती भागोजीच्या उशाशी बसली होती. त्याच्या पायाला फळ्या बांधल्या होत्या.

"पहार असती तर टेकू लवकर बसला असता ना, काका?"

भागोजीने आढ्याकडे बघितलं. "व्हय," तो म्हणाला. "पन पहार असती तर टेकूचं कुनाला सुचलं असतं? मी भिंतच पाडत राहिलो असतो, पोरी."

राहीने पंखा उचलला. त्याला झोप लागेपर्यंत ती वारा घालत राहिली.