जांभ्याच्या भिंतीवरचा फोटो

"फोटो काढलास, ठीक आहे. खाली 'दुर्मिळ' वगैरे लिहू नकोस."

समर्थ मोबाईल धरून तसाच थांबला. पडवीतल्या ट्यूबलाईटखाली भिंतीवर वीतभराहून रुंद असा एक तांबूस पतंग पंख पसरून बसला होता. आबा तोडणकर खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते. पतंगाकडे त्यांनी एकदाच बघितलं होतं.

"पण आबा, हा ॲटलास आहे," श्रद्धा म्हणाली. ती समर्थची थोरली बहीण, कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलेली. "जगातल्या सगळ्यात मोठ्या पतंगांपैकी एक. पंखांची टोकं बघा, सापाची तोंडं वाटतात. पक्षी फसतात त्याला."

"मोठा आहे, कोण नाही म्हणतंय? पण दर पावसाळ्यात तो कुणाच्या तरी भिंतीवर बसतो आणि दर पावसाळ्यात आम्ही 'दुर्मिळ पतंग आढळला' म्हणून छापतो. तीस वर्षं पानं लावली मी पेपरात. दरवर्षी सापडतो तो दुर्मिळ कसला रे?" आबांनी पाय खाली घेतले. "ती ट्यूब घालव. डोळ्यावर येते. आणि बसा दोघंही. आमच्या गंगाराम शिवलकरचं सांगतो. ऐकून मग काय लिहायचं ते लिही."

समर्थने बटण दाबलं. अंगणात पावसाची बारीक टपटप चालू होती. आबांनी सांगायला घेतलं ते असं.

साल दोन हजार तेवीस. सप्टेंबरची चौदा तारीख, गुरुवार, पिठोरी अमावास्या. गणपती पाच दिवसांवर आलेले. गंगाराम दिवसभर तीन शुभारंभ आणि एक सत्कार करून नऊला घरी आला होता. चोपन्न वर्षांचा माणूस, सव्वीस वर्षं वार्ताहर. एकेकाळी असा भांडायचा की अधिकारी त्याला बघून फाईल झाकायचे. आता भांडण सुरू होण्याआधीच तो दमायचा. जेवून, दुखऱ्या गुडघ्याला तेल चोळत बसला होता, तेवढ्यात साडेदहाला फोन आला. जयगड रस्त्यावर चहाची टपरी चालवणारा बाबल्या.

"भाऊ, सुपायेवढा पतंग बसलाय! बंद चिरेखाणीच्या काट्याजवळ, केबिनच्या भिंतीवर. येताव काय?"

"बसू दे," गंगाराम म्हणाला आणि फोन ठेवला. पाच मिनिटांत ऑफिसचा फोन. पाचव्या पानावरची तीन कॉलमी जाहिरात ऐनवेळी रद्द झाली होती. पान रिकामं.

"मग धाकू रांबाडेचं घ्या की," गंगाराम म्हणाला. "दहा दिवस पडून आहे."

"तीन कॉलमांच्या भोकात एक कॉलमी बेपत्ता?" उपसंपादक हसला. "मोठा फोटो पाहिजे, गंगारामभाऊ. लोकांना सकाळी चहाबरोबर काहीतरी बरं बघू दे. तुमच्या त्या बाबल्याने इकडेही फोन केलाय. पतंग आणा."

पूर्वीचा गंगाराम असता तर त्याने फोनवरच त्याला सोलून काढला असता. हा गंगाराम "बरं" म्हणाला आणि रेनकोट शोधायला लागला.

हा धाकू कोण, ते ऐका. चिरेखाणीवर काम करणारा चाळिशीचा गडी. पावसाळ्यात खाण बंद असते, खड्डे पाण्याने भरतात. रविवारी, तीन तारखेला, "मालकाचा पंप काढायला जातो" असं बायकोला सांगून तो घराबाहेर पडला, तो आलाच नाही. खाणमालक म्हणाला, माझ्याकडे आलाच नव्हता. पोलीस म्हणाले, गेला असेल मुंबईला. गणपतीच्या तोंडावर सगळी मुंबई कोकणात येते, आणि हा एकटा उलटा मुंबईला गेला म्हणे! वर्दीतल्या माणसाने हे तोंड वर करून सांगितलं आणि कागदावर लिहिलं.

चार तारखेला त्याची बायको मथुरा पासपोर्ट फोटो घेऊन पेपरच्या ऑफिसात आली. गंगारामने तिच्यासमोर बातमी टाईप केली. म्हणाला, उद्या लागेल. त्या रात्री जागा नव्हती. दुसऱ्या दिवशीही नव्हती. मथुरा दिवसाआड एसटीने यायची, बाकड्यावर बसायची, चहा घ्यायची नाही. गंगाराम रोज म्हणायचा, उद्या. तिला एवढंच पाहिजे होतं. तो चेहरा जिल्ह्यात कुणाच्या तरी नजरेस पडावा. कुणीतरी म्हणावं, ह्याला मी बघितलाय.

तर गंगाराम निघाला. स्कूटरच्या दिव्यापुढे पाऊस तिरका दिसत होता. अकरा वाजून दहा मिनिटांनी तो टपरीपाशी पोचला. टपरी बंद, बाबल्या घरी गेलेला. तसाच पुढे गेला. उजव्या हाताला बंद खाणीचा वजनकाटा आणि त्याची केबिन. मालकाने खाण बंद केली होती, पण केबिनवरची ट्यूब जळत होती. बाजूला जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत, गिलावा नसलेली, पावसाने काळपट तांबडी झालेली.

गंगारामने भिंत बघितली. पतंग नव्हता.

या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा बघितली. चिरे, शेवाळ, ओघळ. उडाला असणार. एवढ्या लांब आणलं आणि उडाला. शिवी देऊन तो वळणार, तेवढ्यात केबिनच्या कोपऱ्याकडून आवाज आला.

"…हिकडं. डावीकडं."

राखणदार असेल, गंगारामला वाटलं.

"कुठे रे?"

"…अजून थोडा."

गंगाराम एक पाऊल सरकला. आणि मघापासून ज्याला तो दोन चिरे समजत होता, ते हलले. पंख होते ते. रंग तोच, डागही तसेच. पंखांत मधोमध काचेसारखे तिकोनी तुकडे, आणि त्यांतून मागचा दगड दिसत होता. इतका वेळ डोळ्यांसमोर होता आणि दिसला नव्हता.

"आयला," गंगाराम म्हणाला आणि फोटो काढायला लागला. काढता काढता सवयीने बोलत राहिला. "काय खातो रे हा एवढा मोठा?"

त्याने आणखी एक फोटो काढला.

"…त्याला तोंड नाय."

"म्हणजे?"

"…खाता येत नाय. बोलता येत नाय. आठ-दा दिस. मग सपला."

गंगाराम थबकला. आवाज ओला होता. घशात पाणी असल्यासारखा. सर्दी झाली असेल, तो स्वतःशी म्हणाला.

"तू इथलाच काय?"

पन्हळीतून पाणी पडत होतं.

"…लावनार ना?"

"लावतो की. उद्याच्याच पेपरात." आणि म्हणताना गंगारामला वाटलं, या महिन्यात 'उद्या' आपण पहिल्यांदाच खरं बोलतोय. "नाव सांग तुझं. फोटोखाली टाकतो."

गंगाराम मोबाईल खाली घेऊन कोपऱ्याकडे वळला.

"अरे नाव काय?"

पाणीसुद्धा पडायचं थांबलं होतं.

गंगारामने मोबाईलचा टॉर्च कोपऱ्यावर मारला. कुणी नव्हतं. केबिनला बाहेरून कुलूप, त्यावर गंज. खाली तांबडा चिखल. चिखलात पावलं होती. एकाच माणसाची. त्याची स्वतःची.

तो धावला नाही. गुडघा धावू देत नव्हता. स्कूटर तिसऱ्या किकला सुरू झाली. टपरीपाशी रेंज आली, तिथूनच त्याने फोटो पाठवला. पान लावायला आबाच होते. त्यांनी तीन कॉलमांत फोटो बसवला. 'जयगड रस्त्यावर आढळला दुर्मिळ पतंग.' पान छपाईला सुटलं.

सकाळी साडेनऊला गंगाराम ऑफिसात आला, तर बाकड्यावर मथुरा. मांडीवर पेपर. त्याला बघून ती उभी राहिली, आणि दहा दिवसांत पहिल्यांदाच तिचा चेहरा जरा सैल झाला होता.

"फोटू लावलाव सायब. बरा झाला."

गंगारामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अजून नाही लागला, मथुराताई. आज मी स्वतः…"

"लागलाय की. पन नाव नाय लावलाव."

तिने पाचवं पान टेबलावर पसरलं. पतंगाचा फोटो. तिने बोट ठेवलं ते पतंगावर नाही. पतंगाच्या उजवीकडे, चार बोटं सोडून.

"ही भिंत आहे, ताई."

"भित हाय. आनि ह्यो काय?"

तिचं नख कागदावरून हळूहळू फिरलं. हा कान. ही हनुवटी. हा खांदा, डावा, ह्यो पयल्यापास्न खाली हाय.

गंगाराम बघत राहिला. चिरे. शेवाळ. ओघळ.

आणि मग दिसला.

भिंतीला पाठ लावून उभा. दगडाच्याच रंगाचा. शर्टाच्या चुण्या म्हणजे चिऱ्यांवरच्या खाचा. डोळे उघडे. कॅमेऱ्याकडे बघत होता. गंगारामकडे.

एकदा दिसल्यावर न दिसणं शक्य नव्हतं.

त्याने आबांना घरून बोलावून घेतलं. मोबाईलमधले सगळे फोटो मोठ्या स्क्रीनवर लावले. सतरा होते. सतराही फोटोंत तो होता. सोळांत कॅमेऱ्याकडे बघत होता. सतराव्यात… मान वळलेली. केबिनच्या मागे.

"मागे काय आहे?" आबांनी विचारलं.

"खड्डा," गंगाराम म्हणाला. "खाणीचा."

मथुराने पदर तोंडाशी धरला.

त्या दिवशी गंगाराम भांडला. पोलिसांशी भांडला, तहसीलदाराशी भांडला, वरच्या साहेबाला फोनवर म्हणाला की पंप लावत नसाल तर मी बादलीने उपसतो, आणि त्याचे फोटो मी काढतो. दुपारी तीनला दोन पंप लागले. संध्याकाळी खड्ड्याचा तळ दिसला. कडा ढासळलेली होती. त्या ढिगाऱ्याखाली धाकू होता. मालकाचा पंप तिथे नव्हता. तो कुणीतरी आधीच सुखरूप काढून नेला होता. पंप काढला, माणूस ठेवला. खड्ड्याला कुंपण नाही, फलक नाही, काही नाही. डॉक्टर म्हणाले, मरून अकरा-बारा दिवस झाले असावेत. आणि बाबल्या म्हणाला, "बंद खानीला राखनदार कसला, भाऊ? थय कोन नसता."

सोळा तारखेला पहिल्या पानावर बातमी लागली. नाव, फोटो, सगळं.

आबा थांबले. अंधारात समर्थ बहिणीच्या जवळ सरकला होता.

"आबा, डोळे फसतात," श्रद्धा म्हणाली. आवाज मात्र लहान झाला होता. "ढगात नाही का चेहरे दिसत? ती बिचारी दहा दिवस तोच चेहरा शोधत होती. तिने दाखवल्यावर तुम्हालाही दिसला."

"मीही तसंच म्हणतो. अजून म्हणतो," आबा म्हणाले. "खड्डा केबिनच्या मागेच होता, कधीतरी सापडलाच असता. पण गणपती झाल्यावर मथुरा परत आली. पोलिसांनी धाकूच्या अंगावरच्या वस्तू तिला दिल्या होत्या. प्लॅस्टिकची तंबाखूची पिशवी. तंबाखूचा चिखल झालेला. आणि त्यात एक घडी केलेला कागद."

"कसला?"

"कोरडा."

समर्थने बहिणीचा हात धरला.

"पेपराचं कात्रण. एक कॉलमी. वर धाकूचा फोटो. खाली, 'वरील छायाचित्रातील इसम नामे धाकू रांबाडे हा दि. ३ सप्टेंबरपासून बेपत्ता असून…' टाईप आमचा. मजकूर गंगारामचा, शब्दन्‌ शब्द. मथुरा गंगारामला विचारत होती, 'ह्या कदी छापलाव? मी तर रोज पेपर बगत हुते.' गंगारामने आपला खण उघडला. ती बातमी आम्ही कधी छापलीच नव्हती. तिने दिलेला फोटो त्याच्या खणात पाकिटात तसाच पडून होता."

"मग कुणीतरी…"

"थांब. कात्रणाची तारीख कळायची तर मागची बाजू बघतात. मी उलटवलं. मागे भरती-ओहोटीच्या वेळा. मंगळवार, पाच सप्टेंबर. धाकू खड्ड्यात गेल्याला तेव्हा दोन दिवस झाले होते."

आबांचा आवाज आता कुजबुजीइतकाच उरला होता.

"फाईल काढली. पाच तारखेचा अंक. पाचव्या पानावर त्या जागी जाहिरात. आमच्या सगळ्या प्रतींत जाहिरातच आहे. पान उलटलं. सहाव्या पानावर… त्याच वेळा. कात्रणाच्या कडेला जी ओळ अर्धी कापली गेली होती, तीही तिथेच. मी कात्रण त्या वेळांवर ठेवून बघितलं.

तंतोतंत बसलं."